गंगेसाठी फिल्टर

धैर्यशील नाडगौडाला किळस येते. कशाची ते सांगितलेलं नाही म्हणून वाक्य अर्धवट वाटेल, पण ते तेवढंच पुरं आहे. सिंगापुरात, सेरंगूनच्या त्याच्या ब्लॉकमधल्या लिफ्टचं बटण तो किल्लीने दाबतो आणि वर पोचल्यावर किल्ली पुसतो. हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखालच्या स्वस्त खाण्याच्या गाड्यांवर, जेवायला गेला तर घरून चमचा नेतो. जागा धरायला टेबलावर कोणी टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं, की ते पाकीट आजवर कुठल्या कुठल्या टेबलांवर लोळून आलं असेल याचा विचार करत उभा राहतो. तोवर शेजारच्या रिकाम्या टेबलावर दुसरं कोणी बसतं. टेबलं पुसणारी आंटी ओलं फडकं घेऊन जवळ आली की हा ताट उचलून बाजूला होतो. ते फडकं म्हणजे सकाळपासूनचं प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाला वाटत फिरणारी वस्तू आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खोटं नाही. म्हणूनच त्याच्याबरोबर कोणी जेवायला जात नाही.

असा माणूस सिंगापुरात सुखी असेल असं लोकांना वाटतं. उलट आहे. सांगलीला असताना त्याला नाक मुरडायला सवडच नव्हती. सगळंच बरबटलेलं असलं की नजर बोथट होते. इथे सगळं लख्ख, आणि लख्ख फरशीवर पडलेला एक केसही गोऱ्या गालावरच्या पुळीसारखा उठून दिसतो. ऐन तिशीत तो इथे आला, पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी झाला, मग नागरिक झाला, आणि एवढी वर्षं एका बँकेत ऑपरेशनल रिस्क पाहत राहिला. म्हणजे काय काय बिघडू शकेल याची कल्पना करण्याचा पगार घेत राहिला. आग लागली तर, सर्व्हर पडला तर, कॅन्टीनच्या जेवणाने अख्खा ट्रेझरी विभाग एका दुपारी आडवा झाला तर. यातलं शेवटचं त्याने स्वतःहून जोडलेलं. दर वर्षी तो बँकेत तालमी घेतो, धडधाकट माणसांना जिन्याने खाली उतरवतो आणि उन्हात उभं करून मोजतो. ज्याची तालीम झालेली नाही ती योजना नव्हे, नुसती इच्छा, हे त्याचं आवडतं वाक्य. मीनल, म्हणजे त्याची बायको, ते त्याच्या आधी म्हणून टाकते, म्हणजे विषय लवकर संपतो.

दोन वर्षांपूर्वी त्याची आई सांगलीचं घर बंद करून या फ्लॅटमध्ये राहायला आली. वसुधाबाई. वय ब्याऐंशी, हृदयाची एक झडप दमलेली, जीभ शाबूत. आल्या त्या दिवसापासून बाथरूममधल्या फळीवर त्यांची कवळी एका वाटीत पाण्यात बसू लागली आणि धैर्यशील दुसऱ्या बाथरूममध्ये दात घासू लागला. त्या वाटीतलं पाणी दुपारपर्यंत जरासं गढूळ होतं, हे त्याने एकदाच पाहिलं होतं. एकदा पुरलं.

कवळीइतकीच जपून वसुधाबाईंनी आणखी एक वस्तू आणली होती. खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला, मुठीत मावेल एवढा तांब्याचा गडू, तोंड झाळून पक्कं केलेलं. त्यांच्या सासूबाईंनी काशीहून आणलेली गंगा. घरात कुणाचं आटपत आलं की त्याच्या तोंडात घालायची म्हणून आणलेली, आणि अजून कुणाच्याच तोंडात न गेलेली. धैर्यशीलचे वडील गेले तेव्हा ते आयसीयूत होते आणि त्यांच्या तोंडात नळी होती. नळीच्या कडेने गंगा जात नाही. मिरजेच्या मावशीच्या वेळी नळी नव्हती, मावशी आपल्याच पलंगावर होती, तिचा स्वतःचा गडू उशाशी होता, फक्त तो उघडेना. आधी पक्कड झाली, मग पाना, मग शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन आलं. ड्रिलला एक्स्टेंशन बोर्ड सापडेपर्यंत मावशी गेली. गडू चार दिवसांनी एका प्लंबरने अंगठ्याने उघडून दाखवला.

ही गोष्ट वसुधाबाई जेवताना सांगत. सांगून झाली की मुलाकडे बघत. आपल्याला गंगा मिळावी आणि ती याच्या हातून मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते मिळणार नाही अशी त्यांची जवळजवळ खात्री होती. ज्या मुलाने लहानपणीसुद्धा आईच्या पेल्यातलं पाणी कधी प्यायलं नाही, तो शेवटच्या घटकेला आईच्या तोंडाजवळ हात नेईल हे कशावरून? असं त्या बोलत नसत. ताटातली अर्धी पोळी त्याच्यापुढे करत, आणि तो 'पोट भरलं' म्हणाला की ती स्वतः खात.

यंदा मार्चमध्ये त्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. हॉस्पिटलात आठवडा गेला. डॉक्टर तरुण होती, हळू बोलणारी. झडपेचं आता काही करण्यासारखं नाही, त्यांना घरी न्या, आरामात ठेवा, असं तिने धैर्यशीलला बाजूला घेऊन सांगितलं. वसुधाबाईंना इंग्रजी येत नाही, पण मुलाला बाजूला घेऊन सांगितलेलं त्यांना कळतं. घरी आल्यावर चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी फर्मावलं, की गडू आत्ताच उघडून ठेवायचा. ऐनवेळी ड्रिल नको.

यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. खरं तर धैर्यशीलच्या धंद्याला शोभणारीच सूचना होती. स्वयंपाकघरामागच्या अरुंद जागेत, जिथे कपडे वाळतात, तिथे त्याने जमिनीवर प्लॅस्टिक पसरलं, हातमोजे चढवले, करोनातले उरलेले मास्क शोधून दोन लावले, आणि टिनकापीने गडूचं तोंड कापलं.

आधी वास आला. ओलं नाणं बराच वेळ घामट मुठीत धरून ठेवावं तसा, आणि त्याच्या मागून दुसरा एक, फुलदाणीतले देठ कुजतात तसा. मग त्याने आत टॉर्च मारला. पाणी अर्ध्याहून कमी उरलं होतं, जेमतेम अर्धी वाटी असेल. आतल्या अंगाला हिरवट निळी बुरशीसारखी पूड चढली होती आणि तिचे पापुद्रे सुटून पाण्यात पडले होते. पाण्यावर साय होती. साय आणि ती हिरवी, हे दोन शब्द त्याच्या मनात शेजारी शेजारी आले. टॉर्च हलला तशी सायही हलली, आणि तिच्याखालून काळपट असं काहीतरी, दोऱ्याएवढं, सावकाश वळलं. ते जिवंत नव्हतं, पण म्हणून बरं वाटलं अशातला भाग नाही. दोन्ही मास्क काढेपर्यंत त्याला दम धरवला नाही.

उरलेली उलटी सिंकमध्ये करून, सिंक दोनदा ब्लीचने धुऊन तो आईच्या खोलीत आला आणि म्हणाला, की हे कुणाच्या तोंडात घालण्यासारखं नाही.

"कुणाच्या नाही, माझ्या घालायचंय," वसुधाबाई म्हणाल्या.

त्याने बुरशी सांगितली, तांब्याचा गंज सांगितला, झाळण्यात शिसं असण्याची शक्यता सांगितली. वसुधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काशीला लोक तेच पाणी ओंजळीने पितात, शेजारून प्रेत वाहत गेलं तरी पितात, असं त्या म्हणाल्या. हा आपल्या बाजूचा मुद्दा आहे असं त्यांना वाटत होतं. धैर्यशील पुन्हा सिंकपाशी गेला.

मीनल सेंगकांगच्या एका शाळेत हिशेब बघते आणि घरात कमी बोलते. त्या संध्याकाळी ती बोलली.

"तुला नक्की कशाची भीती आहे? मरताना त्यांना जुलाब होतील याची?"

"पाजली आणि आई वाचली तर?" धैर्यशील म्हणाला.

मीनलने त्याच्याकडे बघितलं. तो गंभीर होता. चूक नव्हतं त्याचं. हॉस्पिटलात दोनदा आता गेल्याच असं सगळ्यांना वाटायला लावून वसुधाबाईंनी थोड्या वेळाने साबुदाण्याची खिचडी मागितली होती. निघण्याची नुसती चाहूल लागली म्हणून ते हिरवं पाजायचं, मग त्या उठून बसायच्या, आणि मग खरोखर त्याच्यानेच जायच्या. मुलाने आईला गंगा पाजून मारलं. बँकेत जोखमीच्या तक्त्यावर अशा गोष्टीला लाल चौकोन देतात. मीनल म्हणाली, मग गाळ ना. ती गाळणीच्या अर्थाने म्हणाली होती. पण हा शब्द धैर्यशीलला लागला आणि इथून पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय राहिला नाही.

गाळणं म्हणजे काय, याचा त्याने मुळापासून विचार केला. उकळणं सर्वांत सोपं होतं. ते वसुधाबाईंनी उडवून लावलं. गंगा उकळत नाहीत, ती काय चहाचं आधण आहे? क्लोरीनच्या गोळ्याही गेल्या. गोळी घातली की ते औषध झालं, आणि औषध त्या आयुष्यभर घेत आल्या आहेत, त्याने मोक्ष मिळत असता तर केव्हाच मिळाला असता. प्रकाशाने जंतू मारणारी एक पेनासारखी कांडी होती. ती वसुधाबाईंना चालली असती, प्रकाशाला सोवळंओवळं नसतं. ती धैर्यशीलने नाकारली. कांडी जंतू मारते, काढत नाही. म्हणजे मेलेले सगळे पाण्यातच राहणार. जिवंत जंतूंपेक्षा मेलेले जंतू पिण्याची कल्पना त्याला अधिक घाणेरडी वाटली. मीनलने विचारलं, पिणार कोण आहे? 

उरले ते प्रवासात नि आपत्तीत वापरायचे फिल्टर, पूर आल्यावर, जंगलात वाट चुकल्यावर लोक जवळ ठेवतात ते. धैर्यशीलच्या घरात दाराशी आपत्तीची बॅग आधीपासून होती, तिच्यात टॉर्च, बिस्किटं, पट्ट्या, पासपोर्टांच्या प्रती सगळं होतं, फिल्टर नव्हता. या देशात नळाचं पाणी तसंच पितात, त्यामुळे ती एक जागा त्याने मोकळी सोडली होती. हे नळाचं पाणी काही अंशी सांडपाण्यातून, कुठून कुठून फिरून, शुद्ध होऊन परत येतं, तेही त्याला ठाऊक आहे. त्याची सगळी प्रक्रिया त्याने वाचलेली आहे, तिच्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे, आणि त्याच्या मुलीने, इराने, शाळेच्या सहलीहून त्या पाण्याची बाटली आणली तेव्हा ती त्याने कुंड्यांना घातली होती.

जेवणाच्या सुट्टीत तो फिल्टरांची परीक्षणं वाचू लागला. परीक्षणं लिहिणारे लोक वेगळ्याच जातीचे असतात. एकजण गुरं बसलेल्या डबक्यातलं पाणी पिऊन दाखवतो आणि ओठ पुसून 'ताजं' म्हणतो. एकाने मेलेला बेडूक आधी कॅमेऱ्याला दाखवला, मग तो हलक्या हाताने बाजूला सारून तिथलंच पाणी भरलं. एकाने स्वतःची लघवी गाळली होती आणि चव तितकीशी सुधारत नाही म्हणून पाचातला एक तारा कापला होता. धैर्यशील हे सगळं शेवटपर्यंत पाहायचा, कारण नीट निवड करायची तर पाहायला हवं; आणि डबा तसाच परत आणायचा. दोन किलो वजन उतरलं. वसुधाबाईंना वाटलं, आपल्या काळजीने उतरलं. त्या आठवड्यात त्या जरा बऱ्या वागल्या.

एका शनिवारी तो इराला घेऊन मॉलमधल्या गिर्यारोहणाच्या दुकानात गेला. इरा सतरा वर्षांची, मराठी समजतं, उत्तर आपल्या सोयीने, वाक्याच्या शेवटी 'लाह' नाहीतर 'व्हॉट' चिकटवणाऱ्या इथल्या इंग्रजीत देते. तिच्या मते प्रश्न फार सोपा होता. शाळेच्या कॅम्पला सगळ्यांना स्ट्रॉ फिल्टर दिला होता, नळीसारखा, एक टोक ओढ्यात, एक टोक तोंडात. "बाबा, जस्ट बाय द स्ट्रॉ वन लाह."

दुकानात तो स्ट्रॉ नमुना म्हणून दोरीने बांधून ठेवला होता, टेलरकडे पेन्सिल बांधलेली असते तसा. धैर्यशीलने तो रुमालाने उचलला. तोंडात धरायच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या, एका माणसाच्या नव्हे. प्लॅस्टिकवर पिवळट, किंचित चिकट थर होता. किती गिऱ्हाइकांनी ओढून पाहिला असेल, ओढला तेव्हा त्यात पाणीही नव्हतं, म्हणजे एकमेकांचा श्वासच ओढला असेल, हे त्याच्या मनात आलं आणि त्याने रुमालासकट स्ट्रॉ खाली ठेवला. रुमाल परत घेतला नाही.

दुकानदार म्हातारा चिनी अंकल होता. कुठे निघालात, नेपाळ का, असं त्याने विचारलं. धैर्यशील म्हणाला, कुठे नाही, घरीच. किती माणसं? एक. किती दिवस? एकदाच. किती पाणी? त्याने बोटांनी वाटी दाखवली. अंकलने थोडा वेळ त्याच्याकडे आणि मग इराकडे पाहिलं. "वन पर्सन, वन टाइम, सो लिटल," तो म्हणाला. "बाय मिनरल वॉटर लाह. चीपर."

आपल्याला फिल्टर विकायला नाखूश असलेला दुकानदार धैर्यशीलला फार भरवशाचा वाटला, आणि मग त्याने त्यालाच सगळं विचारलं. पंपवाला फिल्टर? त्याला निदान बादली लागते. टांगायची मोठी पिशवी? तीही चार-सहा माणसांच्या कुटुंबाची. समुद्राचं पाणी गोड करणारा, बोटीत ठेवतात तो हातपंप? तो पाण्यातलं सगळंच काढून टाकतो. सगळंच म्हणजे, धैर्यशीलने विचारलं, जे विरघळलेलं असतं तेही? तेही. हे त्याने घरी येऊन आईला सांगितलं. वसुधाबाई म्हणाल्या, मग गंगेतलं काय उरलं, नको तो. पुण्य विरघळलेलं असतं की तरंगतं, हा प्रश्न त्या घरात यापूर्वी निघाला नव्हता. आता सर्वानुमते ते विरघळलेलं ठरलं.

मग स्ट्रॉचाही निकाल लागला. इराने तो कसा वापरतात हे आजीला तोंडाने हवा ओढून दाखवलं. वसुधाबाईंनी विचारलं, हे सगळं मरणाऱ्याने करायचं? इरा हो म्हणाली.

"एवढं ओढायची ताकद असती तर मी मेले कशाला असते?"

शेवटी ठरला तो पिळायच्या पिशवीचा. हातभर लवचीक पिशवी, तिच्या तोंडावर अंगठ्याएवढा जाड फिल्टर, आत केसांसारख्या पोकळ तंतूंचा जुडगा. जंतू, गाळ, पापुद्रे, तो काळपट दोरा, सगळं अडतं. विरघळलेलं पार होतं. पार होणाऱ्यात तांबंही होतं आणि असलंच तर शिसंही, पण चमचाभराला त्याने मन घट्ट केलं. ओढायचं नाही, बाहेरून पिळायचं. कुणाचं तोंड कशाला लागत नाही. उष्टं होत नाही. ही शेवटची गोष्ट कुठल्याच परीक्षणात दिलेली नव्हती, आणि त्याच्या दृष्टीने तीच पहिली होती.

माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे त्याने आधी स्वच्छ पाणी घालून फिल्टर भिजवून घेतला. कोरड्या तंतूंतून पाणी जात नाही. मग दोन मास्क, हातमोजे, श्वास रोखून त्याने गडूतलं निम्मं पाणी पिशवीत ओतलं. निम्मं राखून ठेवलं. एका प्रयत्नावर सगळं लावायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला नियम. पिशवी पिळली. दुसऱ्या टोकाने काचेच्या छोट्या बाटलीत पाणी पडलं, ते इतकं नितळ, इतकं निर्वास, की त्याला मार्चनंतर पहिल्यांदा भूक लागली. फिल्टर कापून आत काय अडकलं ते पाहावं असं इराला वाटत होतं. त्याने तो तसाच्या तसा तीन पिशव्यांत गुंडाळून बाजूला ठेवला. बाटलीवर 'आई' एवढंच लिहून ती फ्रिजमध्ये वरच्या फळीवर ठेवली, दह्यापासून लांब.

इथे कुणीही थांबला असता. धैर्यशील म्हणाला, तालीम घ्यायला हवी.

मीनल म्हणाली, शरम वाटू दे. पण वसुधाबाई लगेच तयार झाल्या. नुसत्या तयार नव्हे, उत्सुक. ज्या गोष्टीची त्यांना शंका होती तिचा निकाल शुद्धीवर असताना पाहायला मिळणार होता. अशी संधी माणसाला सहसा मिळत नाही. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर त्या पलंगावर आडव्या झाल्या, पदर नीट केला, खरं करायचं तर खरंच, म्हणून कवळी काढून वाटीत टाकली, आणि डोळे मिटले. मीनल दारात उभी राहिली. इरा पायथ्याशी बसली. तिला फोन खाली ठेवायला सांगितलं होतं.

धैर्यशील बाटली आणि चांदीचा चमचा घेऊन आला. वसुधाबाईंनी एक डोळा उघडला.

"हातमोजे काढ. मी गटार नाही."

त्याने काढले. दातांशिवाय आईचं तोंड त्याने इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ओठ आत वळलेले, हिरड्या ओल्या, जिभेवर सकाळच्या उपम्याचा पांढुरका थर आणि कोपऱ्यात मोहरीचा एक दाणा. दाण्यावर नजर न ठेवण्याचा प्रयत्न करत, हात लांबवून, त्याने चमचा टेकवला न टेकवला असा रिकामा केला. वसुधाबाईंनी गिळलं. वाट पाहिली. मग दोन्ही डोळे उघडले.

"धैर्या, ही गंगा नव्हे."

तो म्हणाला, आई, गाळलीय म्हणून तसं वाटतं. गाळ गेला की चव जाते. त्या म्हणाल्या, चव गेलेली नाही, चव आलेली आहे. दोन वर्षं इथलं पाणी पितेय मी, पोहण्याच्या तलावाच्या वासाचं, हे आपल्या नळाचं आहे. तो फिल्टरची क्षमता समजावू लागला. तेव्हा पायथ्याकडून इरा म्हणाली, "बाबा, आधी तू नळाचं पाणी घालून फिल्टर भिजवलास ना? दॅट वन केम आउट फर्स्ट, व्हॉट."

 हिशेब सोपा होता. भिजवलेल्या तंतूंनी घोट दोन घोट नळाचं पाणी पोटात धरून ठेवलं होतं. मागून गंगा आली, तिने ते पुढे ढकललं आणि स्वतः त्याच्या जागी आत बसली. तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवली होती ती गंगा. फ्रिजमध्ये वरच्या फळीवर, दह्यापासून लांब, जपून ठेवला होता तो नळ. हे काम बादलीभर पाण्यासाठी होतं, वाटीसाठी नव्हे, हे अंकलने सांगितलंच होतं. लपवावं असं एक क्षण धैर्यशीलच्या चेहऱ्यावर आलं असेल, पण त्याला लपवता येत नाही. त्याची नोकरीच चुका कबूल करून घेण्याची आहे.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "नळाचंच आहे."

"म्हणजे वेळ आली असती तर माझ्या तोंडात तू सेरंगूनचा नळ सोडला असतास." वसुधाबाई उशीवर जरा वर सरकल्या. "आण गडू."

तो नाही म्हणाला. मीनलही नाही म्हणाली. वसुधाबाईंनी दोघांकडे पाहिलं नाही, छताकडे पाहिलं, आणि कवळी नसलेल्या बोळक्या तोंडाने सावकाश म्हणाल्या, की मला आज समजलं पाहिजे. नंतर समजून उपयोग नाही.

धैर्यशीलने गडू आणला. मास्क लावला नाही. लावला असता तर आईने परत पाठवलं असतं. चमचा कलता धरून त्याने गडूतून पाणी घेतलं. चमच्यात हिरवा पापुद्रा एक आला, तो फिरत फिरत मधोमध थांबला. वास वर आला. त्याच्या घशाशी कडू पाणी आलं, ते त्याने गिळलं, आणि ते गिळल्याचीही किळस आली.  चमचा सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताने त्याला आईची हनुवटी धरावी लागली. ती मऊ होती, सैल, थोडी ओलसर. त्याने चमचा तोंडाच्या आत नेला, जिभेपर्यंत नेला, आणि उपडा केला. एक हिरवट थेंब ओठाच्या कोपऱ्यातून खाली सुटला. टिश्यूचा डबा त्याच्या कोपराशी होता. त्याने तो थेंब अंगठ्याने पुसला.

 वसुधाबाई तोंड मिटून पडून होत्या. मग त्यांचा चेहरा सगळीकडून एकदम आत ओढला गेला, सुरकुत्यांसकट.

"शी," त्या म्हणाल्या. "शी, शी. तस्त आण कुणीतरी."

मीनल धावली, पण तसराळं आधी धैर्यशीलच्या हाती लागलं. त्याने ते धरलं. वसुधाबाईंनी पेलाभर पाण्याने चुळा भरल्या, थुंकल्या, पुन्हा भरल्या. पैसे चोखल्यासारखं लागतंय, त्या म्हणाल्या, आणि वर काहीतरी मेल्यासारखं. जिभेवरून पदर फिरवला. मग पाठ टेकून त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो तसराळं धरून उभा होता, आतल्या गोष्टीकडे न बघता.

"घालता येतं की तुला," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण मरताना हे नको मला. शेवटची चव म्हणून हे घेऊन कुठे जाऊ?" त्यांनी हात लांब करून वाटीतून कवळी काढली, झटकली, बसवली, आणि त्यांचा आवाज पुन्हा घट्ट झाला. "ते मघाचं असू दे फ्रिजमध्ये. तेच घाल."

"ते नळाचं आहे, आई."

"माहीत आहे मला. घालताना गंगा म्हण."

धैर्यशीलने विचार केला. म्हणजे खरंच केला. एखाद्या सूचनेतली जोखीम तपासावी तसा. शेवटी म्हणाला, "म्हणेन."

"मोठ्याने म्हण. ऐकू कमी येत असेल तेव्हा." वसुधाबाईंनी डोळे मिटले. "आणि म्हणताना तोंड वाकडं करू नकोस."